पालथी वाटी

ओट्यावर काकडांच्या रसाची वाटी धुऊन पालथी घातलेली होती, आणि तो रस भाजीत पडला की मोरीत गेला, हे पदीबायला आठवेना. हातात डाव होता. समोर कढईत शेवळं आणि कोलंबी रटरटत होती, वाटण पडलेलं होतं, कडेला तेल सुटायला लागलं होतं. सगळं नीट चाललेलं होतं, फक्त मधला एक तुकडा कुणीतरी विळीवर कापून नेल्यासारखा नाहीसा झाला होता. रस काढल्याचं तिला आठवत होतं. काकडं, ती आंबट रानफळं, वरवंट्याने ठेचली, फडक्यात घालून पिळली, बोटांना अजून त्यांचा हिरवा आंबूस वास होता. मग दारावरची घंटा वाजली. समोरच्या घरातली बाई सांगायला आली होती की पाणी जाणार आहे, भरून ठेवा. पदीबायने घाईघाईने पिंप भरलं, कळशी भरली, आणि पाणी आहे तोवर म्हणून ओट्यावरची सगळी भांडी विसळून टाकली. त्यात ही वाटीही होती. विसळताना ती रिकामी होती की भरलेली, एवढंच काय ते कळायला हवं होतं.

तिने गॅस बारीक केला आणि वाटी उलटून बघितली. आत पाण्याचा एक थेंब होता. तो तिने बोटावर घेऊन चाटला. पाणीच होतं. वाटी तिने पुन्हा पालथी घातली, मग वाटलं, उताणीच राहू दे, मग परत पालथी घातली. तिचा मुलगा हरेश्वर आणि सून सुचेता ठाण्याहून निघाले होते. मघाशीच फोन आला होता. जेवायला येतो आहोत, घाई करू नकोस, असं हरेश्वर म्हणाला होता. घाई करू नकोस हे तो हल्ली फार म्हणायचा. आणि आज तो नुसता जेवायला येत नव्हता. मागच्या महिन्यात ती गॅसवर दूध ठेवून खाली भाजी घ्यायला गेली, तिथे बाकड्यावर बसली आणि बसूनच राहिली. वर पातेलं जळून काळं झालं, धूर जिन्यात उतरला, शेजाऱ्यांनी फोन केला. हरेश्वर आला, त्याने सिलिंडर बंद केला, आणि गॅसच्या मागच्या फरशीवर उठलेल्या काळ्या डागाकडे बघत उभा राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. नंतर फोनवर म्हणाला, रविवारी येतो, आये, जरा बोलू. काय बोलायचं ते तिला सांगावं लागलं नाही. सिलिंडर जाणार, डबा लागणार, आणि मग डबा तरी इथे एकटीने कशाला खायचा, म्हणून तिला ठाण्याला नेणार. जेवण आम्हीच घेऊन येऊ, असं सुचेता मागून म्हणत होती. तेव्हा पदीबायच्या तोंडून निघून गेलं होतं की नको, शेवळं निघाली आहेत, शेवळं करते. वरणभात कुणालाही जमतो. शेवळं ज्याला जमतात त्याचं डोकं ठिकाणावर आहे, हे आगऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

कारण शेवळांचे कोंब रानात जमिनीतून वर येतात ते घसा धरायलाच. चिरताना हाताला तेल लावायचं, बुडाशी असतो तो पिवळा दाणेदार भाग एकूण एक काढून टाकायचा, बारीक चिरून तेलात मरेपर्यंत परतायची, आणि त्यावर काकडांचा रस. तो रस पडला नाही तर बाकीचं सगळं केलेलं फुकट. मग घशात कुणी कुसळं कोंबल्यासारखं होतं, जीभ जड होते, माणूस पाणी पितो आणि पाण्याने ते आणखी वाढतं. जे होतं त्याला एक साधा शब्द आहे, लहान पोरालाही येणारा, पण शेवळांच्या दिवशी तो शब्द घरात काढायचा नाही अशी तिच्या नवऱ्याच्या, जोमाच्या घराची रीत होती. शब्द काढला की भाजी ऐकते, असं पदीबायची सासू म्हणायची. कुणी चुकून बोललंच तर चिमूटभर मीठ चुलीत टाकायची आणि बोलणाऱ्याला अंगणात घालवायची. पदीबाय नवी नवरी असताना तिला या सगळ्याचं हसू आलं होतं. नंतर तिनेही कधी तो शब्द काढला नाही. आत्ता एकटी उभी असतानाही तिने तो मनात येऊ दिला नाही. मनात त्या जागेवर नुसती एक पोकळी होती, आणि ती पोकळी तिला शब्दापेक्षा जास्त टोचत होती.

तिने डोळे मिटले आणि रस ओतल्याची आठवण शोधली. ती होती. अगदी स्वच्छ होती. वाटी तिरकी होते, हिरवट पाणी परतलेल्या शेवळांवर पडतं, चर्र आवाज होतो, आंबट वाफ नाकात जाते आणि डोळे आपोआप बारीक होतात. घातला की. मग त्या वाफेपलीकडे तिला चूल दिसली. चुलीपलीकडे दाराची चौकट, चौकटीजवळ पाट, आणि पाटावर जोमा बसलेला, मिठागरातून आलेला, पायाच्या भेगांत मीठ पांढरं झालेलं. ज्या आठवणीत जोमा होता ती आजची नव्हती. तिने दुसरी शोधली. त्यात स्टोव्ह होता, हरेश्वर लहान होता. आणखी एक शोधली, त्यात हाच ओटा होता, हीच खिडकी होती, पण खिडकीखाली समोरची इमारत अजून उभी राहायची होती आणि दारात जोमा होताच. एवढे उन्हाळे तिने तोच रस तशाच वाटीतून ओतला होता, आणि ते सगळे उन्हाळे एकमेकांना चिकटून बसले होते, पावसात भिजलेल्या मिठासारखे. त्यातला आजचा खडा वेगळा निघत नव्हता.

जोमा गेल्यावर तिने शेवळं केलीच नव्हती. कुणी विचारलं की म्हणायची, आता कोण खातंय. खरं कारण निराळं होतं. तिच्या घशाला शेवळं कधी बाधत नव्हती. तिच्या आईचं तसंच होतं. कच्चं चिरताना जिभेवर तुकडा पडला तरी तिला काही व्हायचं नाही. जोमाचा घसा मात्र नुसतं अळू दिसलं तरी धरायचा. म्हणून चाखायचं काम त्याचं. जेवणाआधी तो पाटावर बसायचा, डावा तळहात पुढे करायचा, ती त्यावर बोटभर भाजी ठेवायची. तो ती जिभेवर घ्यायचा, गिळायचा, आणि समोरच्या भिंतीकडे बघत गप्प बसायचा. घरातली सगळी माणसं तेवढा वेळ गप्प. सासूसुद्धा. मग तो म्हणायचा, "जेवा." तेवढंच. कधीकधी ते म्हणायचा नाही, तेव्हा पदीबाय चिंचेच्या कोळात मीठ कालवून गोळी करायची आणि त्याच तळहातावर ठेवायची, आणि कढई पुन्हा चुलीवर चढायची. त्याने कधी तिला नावं ठेवली नाहीत. आणि तिला बरं वाटावं म्हणून कधी जेवा असंही म्हणाला नाही.

एकदाच त्याला चाखायला मिळालं नव्हतं. सुचेताचं लग्न नुकतं झालेलं. ती साताऱ्याकडची, शेवळं तिने कधी बघितलेली नव्हती. ताटाजवळ बसताना तिने भोळेपणाने तो शब्दच विचारला, यात ती असते ना हो, असं. जोमा बहिणीकडे गेला होता, काकडं मिळाली ती मूठभरच आणि वाळकी. हरेश्वर मित्रांत जेवून आला होता, पदीबाय नेहमीसारखी जेवली. पोरीने मात्र दोन घास खाल्ले आणि तिचे ओठ सुजले, जीभ तोंडात मावेना, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाला, आणखी थोडा उशीर झाला असता तर. ते वाक्य त्याने पुरं केलं नव्हतं, आणि पदीबायच्या कानात ते अजून तसंच अर्धं लोंबत होतं. जोमा घरी आल्यावर सगळ्यांदेखत म्हणाला की सून तो शब्द बोलली म्हणून झालं, पदीचा काय दोष. सुचेताही रडत रडत हसली. पण त्यानंतर सासऱ्याने जेवा म्हटल्याशिवाय तिने शेवळांच्या वाटीला हात लावला नाही. आणि आज ती मुद्दाम म्हणाली होती, "आई, मी खाणार हं. बाबांच्या आठवणीने खाणार."

कढईतून एक बुडबुडा फुटला आणि पदीबाय दचकली. तिने डावाने थोडा रस्सा हातावर घेतला. आंबट होता. पण कोलंबीला चिंच घातली होती, तिचा आंबटपणा कुठे संपतो आणि काकडांचा कुठे सुरू होतो हे पूर्वी तिची जीभ झोपेतसुद्धा सांगायची. आता रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंडाला सदा लोखंडाची चव. तिने एक तुकडा चावून गिळला आणि वाट बघितली, जोमासारखी भिंतीकडे बघत. समोर तो काळा डाग होता. तिला काही झालं नाही. तिला कधीच काही होणार नव्हतं.

मग तिला चिंचोके आठवले. मिठागरात डोक्यावर पाट्या वाहताना बायका प्रत्येक खेपेला बांधावर एक चिंचोका टाकायच्या, म्हणजे डोक्यात काही ठेवावं लागत नसे. दूध जळाल्यापासून पदीबायने तेच सुरू केलं होतं, कुणाला न सांगता. मीठ घातलं की ओट्याच्या कडेला एक चिंचोका. हळद घातली की एक. आजही तिने ते मांडले होते, ते मांडतानाचा थंड गुळगुळीत स्पर्श बोटांना आठवत होता. कडेला आता काही नव्हतं. पाणी भरल्यावर तिने ओटा फडक्याने स्वच्छ पुसून घेतला होता. ती कचऱ्याच्या डब्याजवळ खाली बसली आणि हात घालून शोधायला लागली. काकडांचा चोथा, कोलंबीची टरफलं, शेवळांची सालं, आणि त्यात चिंचोके. एक, दोन, मग आणखी, मग आणखीच. तेव्हा तिच्या लक्षात आलं की कोलंबीसाठी भिजवलेल्या चिंचेतले चिंचोकेही तिने याच डब्यात टाकले होते. ती हसली. हसल्याचा आवाज रिकाम्या घरात निराळाच वाटला. कुणीतरी दुसरीच बाई आत येऊन हसावी तसा.

काकडं संपली होती. शेवळांच्या जुडीबरोबर ठाकरीण देते तेवढीच, आणि त्या बाया बाजारातून केव्हाच उठून गेलेल्या असणार. आणखी चिंच ओतली तर कदाचित भागलं असतं, कदाचित नसतं, पण रस पडलेला असेल तर भाजी आंबट ढाण होणार, आणि पहिल्या घासाला हरेश्वरला कळणार की आयेने दोनदा घातलं. कढई उचलून मोरीत ओतली तर तो विचारणार, शेवळं कुठे. केली नाहीत म्हटलं तर त्याच्या चेहऱ्यावर तो मऊ भाव येणार. तसंच काही न बोलता पुढे ठेवलं तर अर्धी शक्यता अशी होती की तिची सून सासूच्या हातचं चविष्ट खाऊन तृप्त होईल आणि सिलिंडरचा विषय निदान पावसाळ्यापुरता मागे पडेल. बाकीच्या अर्ध्यात तो शिट्टीसारखा श्वास होता. पदीबाय ओट्याला टेकून उभी राहिली. खालून कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं टूं आवाज येत राहिला. याच इमारतीच्या खाली कुठेतरी, मिठागर बुजण्याआधी, जोमाचा बांध होता. त्या बांधावर तिने टाकलेले चिंचोकेही खालीच असतील, आणि त्यांतल्या एकाची सुद्धा खेप आता कुणाला मोजता येणार नव्हती.

घंटा वाजली. हरेश्वरने आल्या आल्या नाक वर केलं आणि म्हणाला की जिन्यातच वास आला. तो बापासारखाच आडव्या हाडाचा, केस आता पांढरे होत आलेले. सुचेताने आंबे आणले होते. ती पाया पडली, मग सरळ आत जाऊन कढईवरचं झाकण काढून बघितलं आणि म्हणाली की रंग अगदी पूर्वीसारखा आलाय. हरेश्वर तिच्या मागोमाग आत आला. तो कढईकडे बघत नव्हता. तो शेगडीच्या बटणांकडे, मग खाली सिलिंडरकडे, मग फरशीवरच्या डागाकडे बघत होता, आणि आपण बघतोय हे आयेला दिसू नये म्हणून पाणी कसं येतं हल्ली, असं विचारत होता. जातं, पदीबाय म्हणाली. आज गेलंच. तिच्या हातांना कचऱ्याचा वास येत होता. तिने ते पदराला पुसले.

ताटं सुचेताने मांडली. तांदळाच्या भाकऱ्या सकाळीच झाल्या होत्या, मऊ कापडात गुंडाळलेल्या. तीन वाट्यांत भाजी वाढताना पदीबायला आपला हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लांबून दिसत होता. सुचेता बोलत होती. बाबा कसे पाटावर बसायचे, घरभर सगळे कसे मुके व्हायचे, पहिल्या वर्षी तिला वाटलं होतं की या घरात जेवणाआधी काही पूजा असते. हरेश्वर म्हणाला, पूजाच ती, देव फक्त घशात बसलेला. सुचेता हसली आणि तिने भाकरीचा तुकडा मोडला. तुकडा वाटीकडे निघाला. पदीबायला तो फार सावकाश जाताना दिसला. हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटावरून खाली घसरल्या, तुकडा रश्शाला टेकला, त्याची कड लाल झाली.

"थांब गो," पदीबाय म्हणाली.

सुचेताचा हात थांबला.

"खाजंल."

तो शब्द घरात पडला. पदीबायला वाटलं होतं की तो तोंडातून निघाल्यावर काहीतरी होईल. वरचा पंखा तसाच फिरत राहिला. "रस घातला का नाय, मना आठवत नाय," ती म्हणाली. "लय आठवून बघितला. वाटी धुतलेली हाय."

ते दोघं एकमेकांकडे बघतील, तिला माहीत होतं. त्यांनी बघितलं नाही, आणि न बघण्यासाठी त्यांना किती जोर लावावा लागला तेही तिला दिसलं. सुचेताने तुकडा हळूच ताटाच्या कडेला ठेवला. मग हरेश्वरने डावा तळहात पुढे केला. त्याने ते विचार करून केलं नसावं, कारण हात पुढे आल्यावर तो स्वतःच त्याच्याकडे जरा चकित होऊन बघत राहिला. "आण," तो म्हणाला. "घाल इथं."

पदीबायने बोटभर भाजी त्या तळहातावर ठेवली. त्याने ती जिभेवर घेतली, गिळली आणि समोर भिंतीकडे बघितलं. खोली गप्प झाली. तिने त्याच्या घशाच्या घाटीवर नजर लावली. ती एकदा वर गेली, खाली आली. आणखी एकदा. त्याचा चेहरा स्थिर होता. लहानपणी मार खाताना ठेवायचा तसा, मुद्दाम स्थिर.

"जेवा," तो म्हणाला. "काय नाय झालं, आये. झकास हाय." आणि बोलता बोलता त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीने सुचेताची वाटी इंचभर स्वतःकडे ओढली.

पदीबायने ते बघितलं. "हऱ्या," ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिने त्याला त्या नावाने हाक मारली. "तुझा बाप ह्या कामात कधी खोटा बोलला नाय."

त्याने करंगळी वाटीवरून काढून घेतली.

"एकदा बोलला असता ना, तर ह्या घरात कोणी माझ्या हातचा जेवला नसता."

हरेश्वरने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला खोकला आला. खोकला थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, मान लाल झाली, आणि तो दोन्ही हातांनी गळा चोळत म्हणाला, "खाजतंय, आये. लय खाजतंय."

ते ऐकून कोसळायला होईल असं पदीबायला वाटलं होतं. झालं उलटंच. बांधावर पोचल्यावर डोक्यावरची पाटी कुणीतरी दुसऱ्याने उतरवून घ्यावी तशी मान एकदम हलकी झाली. म्हणजे मोरीतच गेला. आठवलं नव्हतं, पण कळलं होतं. सकाळपासून जिथे नुसतं भोक होतं तिथे आता एक चूक होती, आणि चुकीवर पाय देऊन उभं राहता येत होतं. सुचेता उठली होती. तिने तिन्ही वाट्या उचलून आत नेल्या. तिने विचारलं, "चिंच कुठंय आई?" खालच्या फळीवर, बरणीत, पदीबायने सांगितलं, तिला ते बरोबर आठवलं. सुचेता आतूनच बोलत राहिली, की मी तर डोळे मिटून खाणार होते, बाबांचं नाव घेऊन खाणार होते. बसक्या आवाजात हरेश्वर म्हणाला, "मग दवाखान्यातपण त्यांचंच नाव सांगायचं होतंस." ती हसली की रडली ते ओट्याकडून नीट कळलं नाही.

पदीबायने चिंच आणि मीठ आपल्या हाताने मळलं. गोळी वळता वळता ती म्हणाली, "सिलिंडरचा बोलायला आलायस ते मना ठाव हाय. एकटी असताना शेगडी नाय पेटवायची आता." गोळी झाली होती, तरी ती वळतच राहिली. "पण शेवळं हायत तोवर येत्या रविवारी परत यायचा. मी करीन. सुचेता बघंल मी काय घालते ते. तू पाटावर बसायचा, आणि असला खोटा बोलायचा नाय."

हरेश्वर अजून गळा चोळत होता. त्याने डावा तळहात पुढे केला. पदीबायने गोळी त्यावर ठेवली, आणि या वेळी भिंतीकडे कुणीच बघितलं नाही.